शनिवारचा सव्वा

ऑटोमॅटिक घड्याळाला चावी द्यावी लागत नाही, असं सांगूनच दुकानदार ते गळ्यात मारतो. सेल नको, चावी नको, मनगटावर बांधा आणि विसरून जा. सेलचं खरं आहे. चावीचं खरं व्हायचं तर घालणारा माणूस रोज घराबाहेर पडणारा आणि हात हलवणारा हवा. मुंबईत एके काळी असा माणूस शोधावा लागत नव्हता. आता मी स्वतःच तशी राहिलेली नाही.

माझं घड्याळ आठवड्यातून तीनच दिवस हिंडतं. मंगळवार ते गुरुवार मुलुंड ते फोर्ट. बाकीचे दिवस आमचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर भरतं आणि तिथे घड्याळ घालून बसणं म्हणजे घरात चपला घालण्यासारखं वाटतं. गुरुवारी रात्री आठच्या सुमाराला ते काढून कपाटातल्या वाटीत ठेवते. आतल्या स्प्रिंगचा दम भरलेला असेल तर साधारण ४१ तास पुरतो. म्हणजे शनिवारी दुपारी एकनंतर, आमचा कुकर शिट्ट्या करत असताना, ते कपाटात थांबतं. मंगळवारी सकाळी हातात घ्यावं तर तबकडीवर शनिवारचा सव्वा. वाराच्या खिडकीतही शनिवारच.

मग चावी द्यायची. घरच्यांच्या मते हे या घड्याळाचं वैगुण्य आहे. 'एवढे पैसे घालून वर रोजची सेवा.' मला मात्र त्यात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

आधी ते चालतं कसं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय थांबण्यातली गंमत कळणार नाही. मागचं झाकण काचेचं असेल तर आत अर्धचंद्राच्या आकाराचा एक जड तुकडा दिसतो, तो रोटर. मधोमध अडकवलेला, बाकी मोकळा. हात वळला की आपल्याच वजनाने तो खाली यायला बघतो, आणि येता येता दातेरी चाकांमधून आतली मुख्य स्प्रिंग गुंडाळत नेतो. जपानच्या सिको कंपनीच्या कारागिरांनी १९५९ मध्ये यासाठी 'मॅजिक लिव्हर' नावाचा एक छोटासा दोन नख्यांचा भाग आणला. रोटर डावीकडे फिरो की उजवीकडे, एक नखी चाक ओढते, दुसरी ढकलते, आणि चाक मात्र एकाच बाजूला फिरतं. वाया काही जात नाही. गुंडाळलेली स्प्रिंग मग हळूहळू सुटत राहते आणि तिच्या जोरावर बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलणारं छोटं चाक, सेकंदाला सहा ठोके देतं. माझ्या घड्याळात सहा. काहींत आठ, जुन्या घड्याळांत पाच. सेलच्या घड्याळाचा काटा सेकंदाला एकदा टुणकन उडी मारतो, हा जवळजवळ सरकतो, तो याच कारणाने.

लोकलच्या गर्दीत घड्याळ चांगलं भरत असेल असा माझा समज होता. पण रोटरला नुसते धक्के लागून उपयोग नसतो, घड्याळाची बाजू बदलावी लागते. लेडीज डब्यात एकदा वरचं हँडल पकडलं की घाटकोपर ते दादर मनगट आहे तिथेच राहतं. शेजारणीची पर्स छातीला, पाठीवर कुणाची तरी बॅग, हात वर टांगलेला. त्यात रोटर काय फिरणार! भरतं ते पुलाच्या पायऱ्या चढताना, सीएसएमटीच्या सबवेतून सुटल्यासारखं निघताना, रिकाम्या हाताने झपझप चालताना. ऑफिसात पुन्हा सुतक. की-बोर्डवर बोटं नाचतात, मनगट ठेवलेलं.

आणि खरं सांगायचं तर घड्याळ भरायला जगात सगळ्यात योग्य मनगट कुठलं असेल, तर कणीक मळणारं. मळणं, लाटणं, भांडी घासणं, कपडे पिळणं. पण ही कामं करताना कुणी घड्याळ घालत नाही. ओट्याशी जाण्याआधी पहिलं ते निघतं आणि फ्रीजवर जातं. ऑटोमॅटिक घड्याळ ज्यांच्या डोक्यातून निघालं त्यांच्यासमोर चालणारा, खिशात हात न घालणारा पुरुष होता असा मला दाट संशय आहे. बायकांची ऑटोमॅटिक घड्याळं दुकानात आजही कमीच दिसतात. तबकडी लहान झाली की रोटरही लहान, त्याचं वजन कमी, मग स्प्रिंग गुंडाळायला जोर कमी, हे त्यातलं एक प्रामाणिक कारण. म्हणून मी सरळ पुरुषांचं घेतलं. दुकानातला मुलगा 'मॅडम, हे जेंट्स आहे' असं दोनदा म्हणाला, मग त्याने नाद सोडला.

तर, चावी. घड्याळ हातातून काढून, डाव्या हातात धरून द्यायची. मनगटावर असतानाच चावी फिरवली की ती तिरकी ओढली जाते आणि आतल्या बारीक दांडीवर उगाच ताण येतो. चावी बाहेर ओढायची नाही, आहे त्या जागी अंगठा आणि तर्जनीत धरून पुढे फिरवायची. पुढे जाताना बारीक कुरकुर, मागे येताना मोकळी. पावसाळ्यात ओल्या हाताने हे उद्योग करू नयेत.

आईकडे एचएमटीचं लहानसं चावीचं घड्याळ होतं. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळं करायला घेतली आणि पुढची निदान पंचवीस वर्षं मराठी मध्यमवर्गाच्या मनगटाचा ताबा ठेवला. आई अंघोळ झाल्यावर, कुंकू लावायच्या आधी चावी द्यायची. फिरवता फिरवता एका क्षणी चावी घट्ट व्हायची आणि ती थांबायची. चावीच्या घड्याळात स्प्रिंगचं बाहेरचं टोक, ती ज्या डबीत बसवलेली असते त्या डबीच्या भिंतीला अडकवलेलं असतं. स्प्रिंग पूर्ण गुंडाळली की पुढे वाटच नसते. घड्याळच तुम्हाला 'पुरे' म्हणतं. त्यावर जोर केला तर मोडतं.

ऑटोमॅटिकमध्ये असं होत नाही. रोटरला डोकं नाही, तो दिवसभर गुंडाळतच राहणार. म्हणून तिथे स्प्रिंगचं टोक अडकवत नाहीत. ते भिंतीला नुसतं दाबून बसतं आणि ताण फार झाला की घसरतं. थोडं सुटतं, पुन्हा धरतं. ही घसरणारी स्प्रिंग आद्रियाँ फिलिप या घड्याळजीने १८६३ मध्ये पेटंट केली होती, मनगटी ऑटोमॅटिक जन्माला यायच्या कितीतरी आधी. तिच्यामुळे माझं घड्याळ कधीच 'पुरे' म्हणत नाही. तासभर चावी देत बसले तरी कुरकुर तशीच चालू राहील. वीस-पंचवीस वळणांत काम भागतं, पण ती वीस झाली की पंचवीस हे माझं मी ठरवायचं. मी मोजत नाही. खिडकीतून खाली शाळेची व्हॅन येऊन थांबेपर्यंत देते.

फोर्टात ऑफिसच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या जिन्याखाली एक घड्याळजी बसतात. टेबलाएवढी जागा, डोळ्याला भिंग, समोर काचेच्या पेल्याखाली कुणाचं तरी उघडं यंत्र. त्यांना मी विचारलं होतं, रोज चावी दिली तर चालेल का.

"ताई, बंद पडलंय तर द्या. चालू असताना कशाला देताय? घाला आणि चाला."

"पण काका, नुसतं हलवूनही सुरू होतं ना?"

"होतं. पण उपाशी माणसाला धावायला लावल्यासारखं आहे ते. आधी दोन घास द्या." मग भिंग वर सारून म्हणाले, "आणि चावी देताना आत भिरभिर आवाज आला, रोटर आपोआप गरगर फिरायला लागला, तर देऊ नका. तेल सुकलं असेल. घेऊन या."

दोन घासांचं म्हणणं यंत्राच्या हिशेबानेही बरोबर आहे. नुसतं हलवून सुरू केलेल्या घड्याळात स्प्रिंगचा ताण जेमतेम असतो, बॅलन्स व्हीलचा झोका आखूड पडतो आणि झोका आखूड पडला की वेळ बिघडू लागते. आधी चावीने भरून घेतलं की दिवसभर रोटरने फक्त खर्च भरून काढायचा. माझ्यासारख्या बैठ्या बाईला ते सोयीचं.

गंमत म्हणजे जॉन हारवूड या इंग्रज कारागिराने १९२० च्या दशकात पहिलं मनगटी ऑटोमॅटिक घड्याळ बाजारात आणण्याजोगं केलं, १९२४ मध्ये त्याला स्वित्झर्लंडचं पेटंट मिळालं, आणि त्या घड्याळाला चावीच नव्हती. चावीच्या भोकातून धूळ आणि ओल आत जाते, म्हणून त्याने भोकच बुजवलं. वेळ लावायची तर तबकडीभोवतीचं कडं फिरवायचं. यंत्र म्हणून फारच देखणा विचार. पण त्याचं घड्याळ थांबलं की मालकाने हात हलवण्यापलीकडे काही करायचं नाही. मला ते मानवलं नसतं. १९३१ मध्ये रोलेक्सने पूर्ण गोल फिरणारा रोटर आणला तेव्हा चावी ठेवली, हे बरं केलं.

आता त्या मंगळवार सकाळच्या मधल्या वेळाबद्दल. चावी दिली, सेकंदकाटा निघाला, पण वेळ अजून लावलेली नाही. घड्याळ जिवंत आहे आणि कामावर मात्र रुजू झालेलं नाही. बाहेर सकाळचे सात, हातात शनिवारचा सव्वा, आणि तो सव्वा पुढे सरकतोय. मी मुद्दाम ते तसंच ठेवते. चहा होईस्तोवर, कधी चहा पिऊन होईस्तोवर. एक वाजून सतरा, एक वाजून एकोणीस. त्याला चुकीचं म्हणावं तरी कसं? मिनिट तर मिनिटाएवढंच होतंय. फक्त बाकीच्या मुंबईशी त्याचा काही संबंध नाही.

त्या दहा मिनिटांत मला नेहमी वाटतं की यात दोन वेगळी कामं आहेत आणि आपण ती एकच समजतो. घड्याळ चालवायची ताकद माझी, माझ्या अंगठ्याची, माझ्या पायऱ्या चढण्याची. तिच्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही. वेळ मात्र दुसऱ्याकडून आणावी लागते. जगातलं सगळ्यात महागडं घड्याळही थांबल्यावर आपणहून सांगू शकत नाही की आता किती वाजलेत. आणि दुसरा म्हणजे कोण, याचं उत्तर या शहरात सारखं बदलत आलंय.

माझं उत्तर मुलुंड स्टेशनचा इंडिकेटर. चावी दुसऱ्या टप्प्यापर्यंत ओढली की सेकंदकाटा उभा राहतो. काटे पुढच्या पूर्ण मिनिटावर आणून ठेवायचे आणि फलाटावरचा आकडा बदलला की चावी आत दाबायची. फोनवर हे घरीच होऊ शकतं, तिथली वेळ जास्त नेमकीही असेल. पण मला ज्या वेळेला गाडी पकडायची आहे ती रेल्वेची वेळ आहे. या शहरात कुणी 'सव्वा आठची गाडी' म्हणत नाही, आठ तेराची किंवा आठ सतराची म्हणतात. मिनिटाला नाव असलेलं असं गाव दुसरं असेल, मला माहीत नाही. (गाडी आठ तेराला येते का, हा वेगळा लेख.)

तारखेचं तेवढं घरीच उरकते. रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात काटे असताना तारीख-वार हाताने बदलायचे नाहीत, कारण तेव्हा बदलाचं चाक आतून आधीच गुंतलेलं असतं, दाते मोडू शकतात. शनिवारचा सव्वा दुपारचा की रात्रीचा हे बारा आकड्यांची तबकडी सांगत नाही. म्हणून आधी काटे पुढे फिरवत बाराच्या पार न्यायचे. वार बदलला तर ती मध्यरात्र होती, नाही बदलला तर दुपार. ही एक गोष्ट शिकवली तेव्हा माझ्या मुलीने हे घड्याळ वारसाहक्काने नको असल्याचं जाहीर केलं.

वेळ दुसऱ्याची असते हे या शहराला जितकं कडू कळलंय तितकं क्वचित कुणाला कळलं असेल. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानात एक प्रमाणवेळ आली. ती ८२.५ अंश रेखांशाची, म्हणजे अलाहाबादजवळून जाणारी. मुंबई आहे ७३ अंशांच्या जरा अलीकडे. एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो, त्या हिशेबाने मुंबईचा माध्यान्ह त्या रेखांशावरच्या माध्यान्हानंतर ३९ मिनिटांनी येतो. प्रमाणवेळ आली म्हणजे मुंबईने आपलं घड्याळ ३९ मिनिटं पुढे ढकलायचं होतं. शहर बिथरलं. गिरणी कामगारांनीही त्याच महिन्यात विरोध केला, आणि ते सहज समजण्यासारखं आहे. गिरणीचं घड्याळ ३९ मिनिटं पुढे गेलं म्हणजे चाळीतली पहाट तेवढीच अलीकडे आली. झोपेचा तो तुकडा कुणी परत देणार नव्हतं. रेल्वे आणि सरकार नव्या वेळेवर गेले, पण 'बॉम्बे टाइम' हट्टाने शहरात टिकला तो थेट १९५५ पर्यंत. राजाबाई टॉवरच्या या शहरात जवळजवळ पन्नास वर्षं 'किती वाजले' या प्रश्नाला दोन उत्तरं होती, आणि कुठलं द्यायचं हे विचारणारा कोण यावर ठरत असणार.

लालबागच्या माझ्या मामांच्या लहानपणी वेळ भोंग्याची होती. गिरणीचा भोंगा झाला की आजोबा उठत, भोंगा झाला की शेजारचे कामावर निघत, आणि भिंतीवरचं घड्याळही भोंग्यावरच लावलं जाई. ते सुद्धा खरं नाही. लावलं जाई भोंग्याच्या दहा मिनिटं पुढे. मुंबईत घरातलं घड्याळ पुढे असतं, सगळ्यांना ठाऊक असतं की पुढे आहे, सगळे मनात दहा वजा करतात आणि तरी उशिरा निघतात. बाहेरच्यांना हे बावळटपणाचं वाटतं. मला वाटतं की वेळ कारखान्याची, रेल्वेची, अलाहाबादची. त्यातली दहा मिनिटं तरी घराने आपल्या नावावर करून घेतलेली असतात.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. भोंगे पुढे एकेक करून कायमचे बंद झाले. मामा तेव्हा फिटर होते. दोनेक वर्षं इकडेतिकडे काढून ते शारजाला गेले आणि पहिल्या सुट्टीत येताना मनगटावर सिको फाइव्ह घालून आले. त्या काळात गल्फहून येणाऱ्याच्या हातात हे घड्याळ आणि काखेत टेपरेकॉर्डर असायचाच. त्यांच्या घड्याळाचा वार इंग्रजी आणि अरबी अशा दोन्ही लिप्यांत लावता येतो. मामांनी तो अरबीत ठेवलाय, गेली चाळीस वर्षं. त्यांना वाचता येतो. आमच्यापैकी कुणालाच नाही.

त्यांच्या घड्याळाला चावीने ताकद देता येत नाही. चावी आहे, पण ती फक्त वेळ लावायला. भरायचं तर घालून हिंडायचं, नाहीतर हातात धरून डावी-उजवीकडे झुलवायचं. मामा हिंडत होते तोवर हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आलं. दिवसभर खिडकीशी खुर्ची, टीव्ही, पेपर. घड्याळ रात्रीत कधीतरी बंद पडायला लागलं. मामींना वाटलं घड्याळ बिघडलं. मी दोन दिवस माझ्या हातावर घालून आणलं तर छान चाललं. बिघडलं घड्याळ नव्हतं.

भाच्यांनी मिळून सेलचं घड्याळ आणायचं ठरवलं, मामांनी ते मोडीत काढलं. फिजिओथेरपिस्ट बाई रोज सांगायच्या, काका चाला, हात हलवत चाला, आणि मामा ऐकायचे नाहीत. आता चालतात. चाळीच्या पॅसेजमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत, कठड्याला एक हात, घड्याळाचा हात मोकळा सोडून. बाई पावलं विचारतात, मामा सांगतात, 'काल रात्रभर चाललं.' बाईंना वाटतं ते स्वतःबद्दल बोलतायत.

परवा गेले तेव्हा माझं घड्याळ त्यांनी मागून घेतलं, चावी फिरवून बघितली, अडकत नाही हे बघून जरा वेळ फिरवतच राहिले. मग दोन्ही घड्याळं शेजारी धरली.

"तुझं दहा मिनिटं मागे आहे गो."

"माझं स्टेशनवर लावलंय मामा. तुमचं पुढे आहे."

"मग? पुढेच असतं."

"आता कुठे जायचंय तुम्हाला दहा मिनिटं आधी?"

"जायचं नसलं म्हणून काय मागे ठेवू?" असं म्हणून त्यांनी माझं परत केलं, आपलं बांधलं आणि मामींना चहाचं विचारलं.